माझ्या गोष्टीतली सासू

माझ्याच गोष्टीवर नाटक बसलं आणि त्यात मला काम मिळालं ते सासूचं.

चिंचवडला नदीच्या अंगाला तेव्हा टाकलेल्या बायकांचा एक आश्रम होता. पिंपरीला औषधांच्या कारखान्याचा पाया खणत होते, ती वर्षं. भाऊ मला आश्रमाच्या दारात सोडून गेला तेव्हा म्हणाला, "दिवाळीला न्यायला येतो." कुठल्या दिवाळीला ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मला कोड फुटलं होतं. पोरगी झाल्यावर वर्षाच्या आत कानामागं तांदळाएवढा पांढरा डाग आला. तो माझ्याआधी सासूला दिसला. चाकणच्या अलीकडं आमचं गाव. कांद्याबटाट्याची बागाईत, दोन बैलजोड्या, घर खाऊनपिऊन सुखी. सासूनं कुणाकुणाला विचारून उपाय ठरवला. नवऱ्यानं माझे हात धरले आणि तिनं चुलीत लाल केलेलं उलथनं डागावर ठेवलं. जखम भरली, पण तिच्या कडेनं पांढरं पसरत गेलं आणि गळ्यावर उतरलं.

"पांढऱ्या पायाची म्हंत्यात ना, आमच्या हिचा तर गळाच पांढरा!" असं सासू पाणवठ्यावर सांगायची आणि बायका पोट धरून हसायच्या. तिला माणसं हसवता यायची. साऱ्या गावाला तिच्या जिभेचं कौतुक होतं.

नवऱ्यानं दुसरी केली. पोरगी अजून अंगावर पीत होती. ती त्यांनी ठेवून घेतली आणि मला भावाच्या घरी आणून घातलं. तिथं भावजयीनं आधी माझं ताट वेगळं केलं, मग अंथरूण वेगळं केलं आणि मग माझी जागाच वेगळी केली. ती जागा म्हणजे हा आश्रम.

आश्रम चालवणाऱ्या ताई पुण्याहून यायच्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी मला अक्षर शिकवलं, स्वतःच्या हातानं माझ्या मानेला तेल लावलं. त्यांच्या मनात आलं की भाषणांनी गावं सुधारत नाहीत, गोष्टी ऐकून सुधारतात. बायकांनी आपली कहाणी आपण रंगमंचावर मांडायची आणि ती बघून लोक सुना टाकायच्या थांबतील. रोज दुपारी त्या आम्हाला गोल बसवायच्या आणि एकेकीला बोलायला लावायच्या. काही बायका रडायच्या, काहींना शब्दच फुटायचा नाही. मी घडलं तसं सांगितलं. ताईंना ते आवडलं.

"हिची घेऊ या. हिच्यात नाट्य आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ती दुरुस्त करायला घेतली. "कोड नको. लोक तेवढंच बघत बसतील. मूल होत नाही म्हणून टाकली, असं करू."

"मला मुलगी आहे," मी म्हणाले.

"नाटकात नसेल, बाळ."

"आणि उलथनं?"

"ते लोकांना सोसवायचं नाही."

माझ्या शेजारी माझी मैत्रीण बसली होती. ती घाटाखालची, दिराचं पोर पोटात घेऊन आलेली. ते पोर आश्रमातच जन्मलं आणि आश्रमातच गेलं. ती म्हणाली, "हिला सोसवलं ना गो?" ताई तिच्याकडं बघून हसल्या, लहान मुलाकडं बघून हसावं तशा. शेवट त्यांनी असा केला की नवऱ्याला पश्चात्ताप होतो, तो बायकोच्या पाया पडतो आणि तिला हाताला धरून घरी नेतो. "माणूस आशेवर जगतो," त्या म्हणाल्या.

नायिकेचं काम आश्रमातल्या एका गोऱ्या, तजेलदार पोरीला गेलं. ताईंची नजर माझ्या गळ्यावर आली आणि बाजूला झाली. "तू सासू कर. सासूला पदर घट्ट लपेटून घेता येईल."

मी सासू केली. केसांना पीठ लावलं, पाठीत वाकले, डावा हात कमरेवर ठेवला. बोलण्याआधी टाळूला जीभ लावून 'टक्' करायची तिची सवय मी उचलली. बोलता बोलता मिश्रीचं बोट दातावरून फिरवायचं आणि वाक्य तोडायचं, म्हणजे ऐकणारा पुढच्या शब्दासाठी ताटकळतो, ही तिची युक्ती मला तेव्हा कळली. पहिल्या तालमीला बायका हसून लोळल्या. जिनं मला डागलं ती माझ्या अंगात शिरायची आणि मला बरं वाटायचं. इतकं बरं मला त्या घरात कधी वाटलं नव्हतं.

पिंपरीला कामगारांच्या झोपड्यांपुढं आमचा पहिला खेळ झाला, मग भोसरीला, मग आणखी गावांत. बायका मला शिव्या द्यायच्या. एकीनं तर चप्पल भिरकावली. ती माझ्या कपाळाला लागली तेव्हा ताई पडद्यामागं आनंदानं म्हणाल्या, "पोचतंय लोकांपर्यंत!" शेवटाला सगळे डोळे पुसायचे आणि त्या गोऱ्या पोरीची ओटी भरायचे.

चाकणला बाजाराच्या दिवशी भर दुपारी खेळ लावला होता. शेवटचा प्रवेश संपला, टाळ्या झाल्या आणि गर्दीतून एक माणूस पुढं आला. कडेवर लहान मुलगी होती. तो रंगमंचाच्या फळ्यांवर चढला, ताईंना हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "माझी बायकू हितं हाय. माझं चुकलं. मी न्यायला आलोय."

लोकांनी गोऱ्या पोरीकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं बोट केलं. केसांना पीठ फासलेली, पाठीत वाकलेली म्हातारी बघून आधी हशा पिकला. मग लोकांना काय ते उमगलं आणि अशा टाळ्या पडल्या की बाजारातले बैल बिचकले. ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी नायिकेच्या गळ्यातला हार काढून माझ्या नवऱ्याच्या गळ्यात घातला.

"जाशील ना?" त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं.

मी कडेवरच्या पोरीला बघत होते. तिची हनुवटी माझ्या आईसारखी झाली होती. ती मला ओळखत नव्हती. मैत्रीण मागून पुटपुटली, "डोळे बघ त्याचे. तो तुला बघतच नाहीये, लोकांना बघतोय." मला तेही दिसत होतं. मी म्हणाले, "जाते."

बैलगाडीनं चाकणचं शेवटचं घर मागं टाकलं तसा त्यानं हार काढला आणि बैलाच्या शिंगावर फेकला. बैलानं मान झटकली, हार खाली पडला आणि त्यावरून चाक गेलं. पोरीला त्यानं पुढं आपल्याजवळ बसवलं होतं. मी हात पुढं केला तेव्हा तो म्हणाला, "लांब बस." पुढं एवढंच बोलला, "तिचं पाय गेल्यात. बटाटं काढायला आल्यात."

दुसरी बाळंतपणात अधू झाली होती, मूल दगावलं होतं. ती माजघरात एका कुशीवर पडून असायची. तिचं हागणंमुतणं काढायला कुणी नव्हतं आणि शेतात बटाटा काढणीला आला होता. सासूनं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "सैपाकाला हात लावायचा न्हाई. पाण्याला न्हाई. शेण, शेत आन् हिचं अंग, एवढं तुझं." मला गोठ्यात जागा दिली. जेवण गोठ्याच्या दगडावर वाढलं जायचं, वरून, भांड्याला भांडं लागू न देता.

सवतीला मी रोज सकाळी धुवायचे. पहिल्या दिवशी ती माझे तळवे उलटेपालटे करून बघत राहिली. "हाताला न्हाई ना तुझ्या?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. तरी अंगाला हात लागला की ती डोळे मिटून घ्यायची आणि मी बाहेर पडले की सासूला हाक मारून राख मागवायची. त्या राखेनं ती, जिथं मी धुतलं होतं, तिथं पुन्हा चोळून घ्यायची.

पोरीला मी भाकरीचा तुकडा दिला तर ती मागं सरायची. "तू शिवलीस तर मला ठिपकं व्हत्याल," ती म्हणायची. हे तिला तिच्या आजीनं शिकवलं होतं. मी तिच्याशी लांबूनच बोलायला लागले. गोठ्यात बसून मी गाईंची, कावळ्याची नक्कल करायचे आणि ती दाराच्या चौकटीला धरून बघायची. जवळ यायची नाही, पण जायचीही नाही.

मैत्रीण एकदा मला भेटायला आली. ताईंनी पाठवलं होतं, संसार कसा चाललाय ते बघायला. मी ओढ्यावर गोधड्या धूत होते. तिनं माझी वाळलेली कोपरं बघितली, गोठा बघितला, दगड बघितला. "ताई गावोगाव तुझं उदाहरण सांगतात," ती म्हणाली. "आमच्या नाटकानं एक संसार जुळला म्हणतात. मी जाऊन खरं सांगतेय."

"सांग," मी म्हणाले. पुढं ती काय करील हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ताईंना तिचं म्हणणं पटलं नाही, किंवा पटवून घ्यायचं नव्हतं. "थोडं सोसावं लागतं सुरुवातीला," त्या म्हणाल्या. मग आश्रमातल्या बायकांनी ताईंना न विचारता ठरवलं आणि आमच्या गावच्या जत्रेला त्या आपल्या आपण आल्या. दोन बैलगाड्या जोडून दुपारी त्यांनी खेळ लावला. तेच नाटक असेल म्हणून गावानं हौसेनं जागा करून दिली.

मी शेणाची पाटी घेऊन मागं उभी होते. गोरी पोर आली ती गळ्याला चुना फासून. मला कळलं. सासू घाटाखालच्या मैत्रिणीनं केली होती. तिनं उलथनं आणलं, नवरा झालेल्या बाईनं हात धरले आणि ती पोर अशी किंचाळली की पुढं बसलेली मुलं रडायला लागली. मग गोठा आला, दगड आला, वरून वाढलेली भाकरी आली. एकही शब्द खोटा नव्हता. ताईंनी कापलेलं सगळं त्यांनी परत जोडलं होतं. पण या बायका दिवस मावळायच्या आत बैलगाडीत बसून जाणार होत्या आणि मला त्याच गोठ्यात परतायचं होतं. मला कुणीच विचारलं नव्हतं.

एकेक करून माणसं वळली आणि माझ्याकडं बघायला लागली.

गावातला एक वजनदार म्हातारा उठला. "बास करा! गावाची बदनामी चाललीय. त्या बाईलाच बोलवा. तिच्या तोंडानं आयकू द्या."

नवऱ्यानं माझा दंड धरला. गाडीकडं नेता नेता कानात म्हणाला, "पोरगी डोळ्याला दिसावी असं वाटत असंल तर नीट बोल. सासू फुलावानी जपती म्हनायचं."

मी गाडीवर चढले. समोर सगळं गाव. सासू पुढच्याच रांगेत, पदर सावरून, तोंड आंबट करून बसलेली. तिच्या मांडीवर माझी पोर. मी तोंड उघडलं ते खरोखर नवऱ्यानं सांगितलं तेच बोलायला. पण जीभ टाळूला लागली आणि 'टक्' झालं. डावा हात आपोआप कमरेवर गेला. पाठ वाकली.

"आमच्या सुनंला काय कमी हाय गं बायांनू?" मी म्हणाले. तो आवाज तिचा होता. "फुलावानी जपतो आमी तिला. गोठ्यात निजती म्हंत्यात. आता गाईच्या शेजारी निजायचं भाग्य कुनाला मिळतं? आन् डागली म्हंत्यात!" मी बोट दातांवरून फिरवलं आणि थांबले. सारं गाव ताटकळलं. "मायेनं डागली! पोटच्या लेकीला तरी मी कदी डागलंय का, इचारा की!"

आधी पाणवठ्यावरच्या बायका हसल्या, पदरात तोंड घालून. मग हसू मागं सरकत गेलं, पुरुषांत शिरलं. तो वजनदार म्हातारासुद्धा मिशा दाबत खाली बघायला लागला. मी एक शब्द वाईट बोलत नव्हते. मी नुसती स्तुती करत होते आणि जितकी स्तुती करावी तितकं गाव हसत होतं. सासूला बराच वेळ कळलंच नाही. तीही थोडी हसली, सगळे हसतात म्हणून. मग तिच्या मांडीवरची माझी पोर उभी राहिली, टाळ्या पिटत ओरडली, "आजी! ती बग, आजीच हाय!"

सासूचं तोंड मी त्या क्षणी पाहिलं. उलथनं लावताना तिनं माझं पाहिलं असेल, तसंच पाहिलं. मला थांबता आलं असतं. मी आणखी दोन वाक्यं बोलले.

नवऱ्यानं मला केसांना धरून खाली ओढलं तेव्हा हसणं तुटलं. मग गावाला गावाची अब्रू आठवली आणि पहिला दगड गाडीवर पडला. दगड मारणारी माणसं हसलेलीच माणसं होती. मैत्रिणीचं कपाळ फुटलं. गोऱ्या पोरीला पळता पळता लुगडं फाटेस्तोवर ओढलं. बायका कशाबशा चिंचवडच्या वाटेला लागल्या.

घरी नवऱ्यानं जूची शिवळ, ती हातभर लाकडी खुंटी, काढून मला मारलं. डाव्या हाताची दोन बोटं मोडली ती पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. सासू मला शिवली नाही. तिनं पोरीला समोर उभं केलं आणि तिची मान धरून माझ्याकडं वळवली. "बग. तू हसलीस म्हनून तुझ्या आईला मार बसतोय," ती म्हणाली. पोरगी पापणी न हलवता बघत राहिली. तिन्हीसांजेच्या आत मला वेशीबाहेर काढलं. चौकटीला धरून ती उभी होती, पण तिनं हाक मारली नाही.

त्या दिवसानंतर सासूनं चारचौघांत तोंड उघडलं की बायका एकमेकींकडं बघून हसायच्या, असं पुढं माझ्या कानावर आलं. तिनं पाणवठ्यावर जाणं सोडलं. तिची जीभ मी काढून घेतली. याचं मला कधीही वाईट वाटलं नाही. पोरीचं वाटतं.

मी आश्रमात गेले. ताईंनी बोटं बांधून दिली, दूध दिलं, मग समोर बसल्या. "एकच संसार जुळला होता," त्या म्हणाल्या. "तोही तुम्ही राहू दिला नाहीत. देणगी देणाऱ्यांना मी आता काय दाखवू?" नाटक बंद झालं. रंगाचे डबे आणि फळ्या कोठीत गेल्या. मैत्रिणीला आणि मला सांगण्यात आलं की शिस्त मोडणाऱ्यांना इथं जागा नाही. गोऱ्या पोरीचं त्यांनी एका विधुराशी लग्न लावून दिलं.

पिंपरीच्या पुढं नव्या रस्त्याचं काम चाललं होतं. मैत्रीण आणि मी तिथं खडी फोडायला लागलो. मोडक्या बोटांनी दगड धरता येतो, हातोडा उजव्या हातात असतो. एकदा खडी फोडता फोडता मी तिला म्हणाले, "मला का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

तिनं कपाळावरची खूण चोळली आणि हातोडा उचलला.

सवत पुढच्या उन्हाळ्यात गेली. पोर जरा मोठी झाली तशी घरचं काम तिच्यावर आलं: शेण, पाणी, चूल. चाकणच्या बाजारात मला ती एकदा दिसली, कांद्याची पाटी डोक्यावर, आजीच्या मागं. मी दोन पावलं पुढं झाले. तिनं मला पाहिलं, ओळखलं आणि मान हलवली, येऊ नको म्हणून. मी थांबले. ती निघून गेली. तिचं लग्न कुठं झालं, कधी झालं, हे मला परक्यांकडून कळलं.

रस्त्याच्या कामावर मराठवाड्याकडून आलेल्या बायका होत्या. दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली मैत्रीण आणि मी त्यांना सोंगं करून दाखवायचो. बायका भाकरी खाता खाता आपलं सांगायला लागल्या. त्यातली एक तरणी बाई होती. मुकादम तिला संध्याकाळी हजेरीच्या नावाखाली मागं ठेवून घ्यायचा. नवरा गप्प बसायचा, कारण काम जाईल. तिनं आमचं सोंग बघितलं आणि म्हणाली, "माजी करा. समद्याहींसमोर करा."

"खेळ झाल्यावर तू निजशील कुठं?" मी विचारलं.

तिला प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारला. तिनं मुकादमाच्या खोपीच्या रांगेतल्या आपल्या खोपीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. तो पलीकडं विडी ओढत बसला होता. तिनं हातातला भाकरीचा तुकडा परत फडक्यात ठेवला.

"मग नगा करू," ती म्हणाली.

आम्ही केलं नाही. मैत्रिणीच्या जिवाला ते लागलं. ती म्हणाली, आपण घाबरट झालो. मी म्हणाले, झालो असू. पावसाळ्याच्या तोंडाला त्या बाईचा भाऊ आला आणि तिला दुसऱ्या टोळीबरोबर खेडच्या पुढं घेऊन गेला. तिथून येणाऱ्या एका गाडीवानाबरोबर तिनं निरोप धाडला: आता करा, काही सोडू नका.

आम्ही बाभळीखाली ते केलं, सगळं, तिनं सांगितलं तसं. मी मुकादम झाले. बायका हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या, कारण त्यांतल्या आणखी दोघी रडत होत्या. मुकादम कडेला उभा राहून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आम्हा दोघींना कामावरून काढलं. त्याचं काही झालं नाही. तो त्याच कामावर राहिला. आम्ही हातोडे खांद्यावर टाकले आणि दुसरं काम बघायला भोसरीकडं चालायला लागलो.